एकाच लोकरीचे दोन रंग: सांगलीतल्या दोन जावांच्या गालिच्याचं प्रकरण

तक्रार अशी होती: दोन फूट बाय तीन फुटांचा लॅच हुकचा गालिचा (जाळीदार कॅनव्हासच्या घरांत हुकाने लोकरीचे तुकडे गाठवून करतात तो) दोन तृतीयांशच्या वर झाला आणि एका टोकाची मोतिया लोकर दुसऱ्या टोकापेक्षा फिकी दिसायला लागली. लोकर एकाच दुकानातली, एकाच कंपनीची, रंगाचा नंबरही तोच. फक्त दुसरी खेप नंतर आणलेली, त्यामुळे दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असा घरातल्यांचा निकाल लागून गेला होता. मी हातकामाचे वर्ग घेते, म्हणून दुकानात भांडायला जाताना मी बरोबर यावं, असा थोरल्या वैनींचा निरोप होता.

घर गावभागातलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा तळमजल्यात शिरली तेव्हा जे सामान माडीवर चढलं, त्यातलं निम्मं खाली उतरलंच नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं आणि मग ते उतरवण्याचा विषयच संपला. त्यामुळे माडीवरच्या अरुंद खोलीत भिंतीला कपाटं, कपाटांना लागून धान्याचे डबे आणि मधोमध एक लांब टेबल. टेबलाच्या लांब बाजूंना खुर्ची बसत नाही. बसायचं तर एकीने या टोकाला, दुसरीने त्या टोकाला. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण सगळं प्रकरण या खुर्च्यांपाशी आहे.

थोरल्या वैनींनी आधी एक तयार किट केलेलं होतं. छापील कॅनव्हास, कापलेल्या लोकरीच्या पुड्या, सोबत हुक. किटमध्ये चुकायला फारशी जागा नसते. त्या यशावर त्यांनी मोठा गालिचा काढायचा ठरवला: कोरा कॅनव्हास मागवला, लोकर गणपती पेठेतून आणली, नक्षी धाकट्या वैनींनी चौकटीच्या वहीत काढली. बाहेर डाळिंबी काठ, आत मोतिया जमीन, मधोमध हिरवी कोयरी. चित्र छान उतरलं होतं, हे मान्य केलंच पाहिजे.

आधी लोकर का संपली

रंगाच्या तक्रारीआधी एक प्रश्न होता, जो कुणी विचारला नव्हता. दुसरी खेप आणायची वेळच का आली?

कॅनव्हास इंचाला पावणेचार घरांचा. म्हणजे २४ इंच रुंदीला ९० घरं, ३६ इंच लांबीला १३५. एकूण १२,१५० गाठी. प्रत्येक गाठीला अडीच इंचाचा तुकडा धरला तर साधारण ७७२ मीटर लोकर लागते. आणलेल्या ५० ग्रॅमच्या गोळ्यावर १४० मीटर छापलेलं होतं. भागाकार केला की साडेपाच येतात. वैनींनी सहा गोळे आणले, तीन मोतिया आणि तीन डाळिंबी, आणि कोयरीपुरती हिरवी घरातली होती. गणित चोख होतं.

पण आपल्याकडे स्वेटरसाठी मिळणारी लोकर या कॅनव्हासला बारीक पडते. एकेरी गाठ मारली की मधून कॅनव्हास दिसतो. पहिल्या चार-सहा गाठींतच ते दोघींच्या लक्षात आलं आणि त्यांनी तुकडे दुपदरी घ्यायला सुरुवात केली. ते बरोबरच केलं. हिशोब मात्र एकपदरीच राहिला. दुपदरीला दीड हजार मीटरच्या वर लोकर हवी, म्हणजे अकरा गोळे, आणि कापण्यातली नासाडी धरून बारा.

कापण्यातली नासाडी हा स्वतंत्र विषय आहे. तुकडे सारखे निघावेत म्हणून एका लाकडी पट्टीला लांबीत खाच पाडून घेतात. पट्टीचा घेर अडीच इंच. तिच्यावर लोकर गुंडाळायची आणि खाचेतून ब्लेड ओढायचं, की सगळे वेढे एकदम कापले जातात. इथे पट्टी सुताराकडून चांगली करून घेतलेली होती, पण थोरल्या वैनी लोकर ताणून गुंडाळत. ॲक्रिलिकची लोकर ताणली जाते आणि कापल्यावर आखडते. तुकडा सव्वादोन इंचांवर येतो आणि गालिच्यात तेवढीच जागा बसकी दिसते. हात सैल ठेवणं एवढाच उपाय.

गाठ कशी पडते

पुढचं कळण्यासाठी गाठ डोळ्यासमोर यायला हवी. हुकाला लाकडी मूठ असते, पुढे पोलादी दांडी, टोकाला आकडा आणि आकड्याच्या मागे बिजागरीवर हलणारी बारीक जीभ. बनियन-मोजे विणणाऱ्या यंत्रातल्या सुईलाही अशीच जीभ असते. इंग्लंडमध्ये मॅथ्यू टाउनसेंड याने तिचं पेटंट १८४९ मध्ये घेतलं.

लोकरीचा तुकडा मधोमध दुमडून जिभेच्या अलीकडे दांडीभोवती घ्यायचा, दोन्ही टोकं डाव्या हाताच्या चिमटीत. हुक कॅनव्हासच्या आडव्या दुहेरी दोऱ्याखालून पलीकडे सारायचं, जीभ दोऱ्याच्या पार जाऊन उघडेपर्यंत. टोकं वरून नेऊन आकड्यात द्यायची. हुक मागे ओढायचं. ओढताना जीभ आपोआप मिटते, टोकं आत पकडली जातात आणि दांडीवरच्या फासातून बाहेर येतात. टोकं धरून एक हिसका दिला की गाठ बसली. चार हालचाली. हाताला सवय झाली की टीव्ही बघत करता येतं, आणि या कामाचं आकर्षण बरंचसं तिथेच आहे.

आता ही ओढ आपल्या दिशेला असते. त्यामुळे टोकं उभी राहत नाहीत, ओळीओळीने आपल्याकडे झुकतात. एकटी बाई एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे करत गेली, तर सगळ्या गालिच्याचा कल एकाच दिशेला राहतो. मखमलीवर हात सुलटा-उलटा फिरवला की रंग बदलल्यासारखा वाटतो, तसंच इथे होतं. लोकरीची टोकं बघणाऱ्याकडे वळलेली असली तर रंग गडद दिसतो, पाठ फिरवून पडलेली असली तर फिका.

टेबलाच्या दोन टोकांना बसलेल्या दोन जावा आपापल्या टोकापासून सुरुवात करून मध्याकडे येत होत्या. थोरल्या वैनींच्या ७२ ओळी झाल्या होत्या, धाकट्या वैनींच्या २२: त्यात बारा काठाच्या आणि दहा मोतिया जमिनीच्या. दोघींचा कल आपापल्याकडे. म्हणजे एकमेकींच्या विरुद्ध.

निदान

हे सगळं आता सरळ वाटतं, पण मी माडीवर गेले तेव्हा समोर दोन लॉट नंबर ठेवलेले होते. गोळ्यांची कागदी लेबलं थोरल्या वैनींनी जपून ठेवली होती, आणि नंबर खरोखरच वेगळे होते. रंगाच्या एकाच नंबरची लोकरसुद्धा दर घाणीला किंचित वेगळी रंगते, म्हणून तर लेबलवर त्या घाणीचा नंबर, म्हणजे लॉट, छापतात. तेव्हा त्यांचा संशय काही हवेतला नव्हता.

मला खटकलं ते दुसरंच. थोरल्या वैनी म्हणत होत्या नवी लोकर फिकी आहे. धाकट्या वैनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "मला तर अक्कांचीच फिकी दिसते. पण माझं कोण ऐकतंय." थोरल्या वैनींनी ते हसण्यावारी नेलं. "हिला चष्मा लागलाय," म्हणाल्या.

दोन माणसांना एकाच वस्तूत उलटे रंग दिसत असतील तर दोष बहुधा रंगात नसतो. मग मी धाकट्या वैनींना विचारलं की त्यांनी मोतिया रंगाला सुरुवात कुठल्या गोळ्याने केली. पहिल्या दोन ओळी जुन्याच गोळ्याच्या होत्या, नंतरच्या आठ नव्या. थोरल्या वैनींच्या खुर्चीतून पाहिलं तर त्या दोन ओळीही बाकीच्या आठांइतक्याच फिक्या. जुनी लोकर तिकडे गेली की फिकी कशी होईल?

कॅनव्हास उचलून, इकडचं टोक तिकडे फिरवून परत टेबलावर ठेवला. थोरल्या वैनी त्याच खुर्चीत. आता त्यांचंच काम त्यांना फिकं दिसलं आणि जावेचं गडद. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हाताने एकदा इकडून आणि एकदा तिकडून लोकर चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे हिचं बरोबर होतं की गं."

ही परीक्षा कुणालाही घरी करता येते, म्हणून नीट सांगते. लॉटमधला फरक कुठूनही पाहिला तरी तोच राहतो. गडद ते गडदच. कलाचा फरक गालिचा फिरवला की जागा बदलतो. दुकानात जाण्याआधी एवढं पाहावं. बिचाऱ्या दुकानदाराचा या प्रकरणात काहीही संबंध नव्हता.

दुसरी गाठ

समोरासमोर बसून गालिचा करणं हा मुळात वेडेपणा नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली रेडिकट कंपनी गालिच्याचं सामान टपालाने घरोघरी पाठवायची, आणि तिकडे घरातली दोन माणसं दोन टोकांनी काम करतात हे गृहीतच होतं. त्यासाठी गाठीच्या दोन पद्धती शिकवत: एक चार हालचालींची, एक पाच हालचालींची. दोघांनी वेगवेगळी गाठ वापरली की समोरासमोर बसूनही कल एकाच दिशेला पडतो. आजच्या किटमधल्या कागदावर बहुतेक वेळा चारचीच असते, कारण एक माणूस आणि एक छोटा तुकडा एवढंच त्यांच्या डोळ्यासमोर असतं.

पाच हालचालींची गाठ अशी. लोकर दांडीभोवती आधी घ्यायची नाही. नुसतं हुक दुहेरी दोऱ्याखालून घालायचं, जीभ पलीकडे जाईपर्यंत. मग दुमडलेल्या लोकरीचा मधला फास आकड्यात द्यायचा आणि दोऱ्याखालून अलीकडे ओढायचा, टोकं मात्र पलीकडेच धरून. आता हुक त्या फासातून पुढे ढकलायचं, जीभ फासाच्या बाहेर येऊ द्यायची. दोन्ही टोकं आकड्यात. मागे ओढायचं, आवळायचं. फास दोऱ्याखालून येतो आणि टोकं दोऱ्यावरून, म्हणजे पहिल्या पद्धतीच्या अगदी उलट, म्हणून कलही उलटा.

धाकट्या वैनींना ती एका दुपारीत जमली. पहिल्या काही गाठींत हुक फासातून पुढे नेताना फासच निसटायचा. डाव्या अंगठ्याने तो कॅनव्हासवर दाबून धरला की निसटत नाही. वेग थोडा कमी पडतो. दोघींपैकी ज्या बाईचा हात चपळ, तिने ही गाठ घ्यावी असं माझं मत आहे, आणि इथे ती धाकटीच होती.

काय उसवलं, काय ठेवलं

माझा सल्ला होता की धाकट्या वैनींच्या बावीसच्या बावीस ओळी उसवाव्यात. जवळजवळ दोन हजार गाठी. लॅच हुकची गाठ उसवणं अवघड नसतं: हुकाच्या टोकाने फास सैल करायचा, टोकं मागे काढायची. लोकर थोडी कुरळी होते पण पुन्हा वापरता येते.

थोरल्या वैनींनी तो सल्ला अर्धाच मानला. "मोतिया काढ. काठ राहू दे." मला आधी वाटलं, जावेची मेहनत वाया जाऊ नये म्हणून म्हणताहेत. ते होतंच. पण त्यामागे नजरही होती. डाळिंबी काठ संपून मोतिया जमीन सुरू होते तिथे रंग तसाही बदलतो. कल तिथेच बदलला तर डोळ्याला कळणार कसं? दोन्ही आखूड काठ बाहेरच्या बाजूला झुकलेले आणि मधली सगळी जमीन एका दिशेला. फक्त दोन कोपऱ्यांत, जिथे त्या टोकाचा आडवा काठ उभ्या काठाला मिळतो, तिथे डाळिंबीवर डाळिंबी येते आणि कल तुटलेला दिसतो. गडद रंगावर तो फारसा जाणवत नाही. जाणवतच नाही असं मी म्हणणार नाही. उन्हात बघितलं तर दिसतो. मी असते तर सगळं उसवलं असतं. पण गालिचा त्यांचा होता.

दहा ओळी निघाल्या, नऊशे गाठी. आणि मग गंमत अशी की खरा लॉटचा फरक आता उघडा पडला. जुने आणि नवे तुकडे हातात एकाच दिशेने धरून खिडकीशी नेले तर नवी मोतिया जराशी पिवळसर होती. अगदी जराशी, पण थोरल्या वैनींना तेवढ्याने बरं वाटलं. जुन्या लॉटचे उसवून मिळालेले सव्वाशे-दीडशे गाठींपुरतेच तुकडे शिल्लक होते. ते एका जागी न संपवता थोरल्या वैनींनी आपल्या पुढच्या सहा ओळींत विखरून टाकले: आधी दर दोन-तीन गाठींना एक जुना, नंतर विरळ होत होत बंद. नव्या खेपेची रेषा त्यामुळे कुठेही आखल्यासारखी उठली नाही. वास्तविक दोन लॉट आधीच माहीत असतील तर सगळे तुकडे कापून एका परातीत कालवून घ्यावेत आणि न बघता उचलावेत. तो सगळ्यात सोपा मार्ग, पण त्यासाठी लोकर आधी मोजलेली हवी.

जुळताना

दोन टोकांकडून येताना शेवटच्या ओळी त्रासाच्या असतात. दोन्ही बाजूंची लोकर मधल्या उघड्या घरांवर पडते आणि घर सापडत नाही. इथे केसांच्या क्लिपा कामाला आल्या: दोन्हीकडची लोकर मागे सारून क्लिपांनी धरायची, मधल्या तीन-चार ओळी मोकळ्या करायच्या. दर दहाव्या ओळीला किनारीशी रंगीत दोरा बांधलेला होता, त्यामुळे कोयरीचा देठ एका घरानेही सरकला नाही. तो दोरा बांधायचं धाकट्या वैनींनी स्वतःहून पहिल्या दिवशीच केलं होतं. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या हाताला मोजायला शिकवावं लागत नाही.

कडांचं काम नेहमीचंच. दोन्ही आखूड टोकांना कॅनव्हास दोन इंच मागे दुमडून, घरावर घर बसवून, दोन्ही थरांतून गाठी मारलेल्या होत्या. हे सुरुवातीलाच करायचं असतं आणि किटच्या अनुभवामुळे ते बरोबर झालं होतं. लांब बाजूंना डाळिंबी लोकरीने वेढे घालून किनार झाकली. धाकट्या वैनींचं माहेर म्हसवडकडचं, तिकडे घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. तशी खळ पाठीला लावून गालिचा कडक करावा असा त्यांचा विचार होता. मी नको म्हटलं. कॅनव्हासला मुळात कारखान्यात खळ दिलेलीच असते, ओल लागली की ती सुटते आणि कॅनव्हास मऊ पडतो, वरून खळीला कसर लागायची भीती. त्याऐवजी पाठीला तरटाचं अस्तर टाचलं आणि खाली रबरी जाळी अंथरली, कारण त्यांच्या माडीच्या फरशीवर गालिचा सरळ घसरतो आणि थोरल्या वैनींचा गुडघा आधीच दुखरा आहे.

धुण्याबद्दल विचारलंत तर मशीनमध्ये अजिबात नाही. गॅलरीत झटकायचा, वरवर डाग पडला तर ओल्या फडक्याने टिपायचा, सावलीत वाळवायचा.

आता दोघींचं दुसऱ्या गालिच्याचं चाललंय, चार फूट बाय अडीच फूट. कॅनव्हास तोच, पावणेचार घरांचा. धाकट्या वैनींनी फोनवर माझ्याकडून आकडे तपासून घेतले. अडीच फुटांना साधारण ११२ घरं; चार फुटांना १८०. वीस हजारांच्या वर गाठी, दुपदरी धरून अडीच हजार मीटरहून जास्त लोकर, एकोणीस गोळे, नासाडीसह एकवीस. सगळे एका लॉटचे मिळाले तरच घ्यायचे असं ठरलंय, आणि पाच हालचालींची गाठ या वेळी थोरल्या वैनी शिकणार आहेत.